रिवाइंड केलेली पाच एचपीची मोटर रिकामीच सहा अँपिअर खाते. भानगड काय?

माळरान

नमस्कार मंडळी. विहिरीवर पाच एचपीची मोनोब्लॉक (पंप अन् मोटर एकत्र) आहे. थ्री फेज, ४१५ व्होल्ट, २८८० आरपीएम, प्लेटवर ७.५ अँपिअर. मागच्या हंगामात जळाली, म्हणून तालुक्याच्या गावी रिवाइंड करून (जळालेलं वाइंडिंग काढून नवीन भरून) आणली. पाणी पूर्वीइतकंच टाकते, पण अर्ध्या तासात अंगाला हात लावू देत नाही.

वाइंडरचं म्हणणं, "पंपाचा लोड वाढला असेल." म्हणून इंपेलर काढून मोटर रिकामीच फिरवली अन् टोंग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजायचं मीटर) लावला. आमच्याकडे आठवड्यात काही दिवस दिवसपाळी, काही दिवस रातपाळी. दिवसा डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) ताण असतो तेव्हा ३७० व्होल्ट मिळतात, रात्री ४४०.

माझी मोटर, रिकामी: दिवसा ४.१, रात्री ६.२ अँपिअर. तिन्ही फेजला जवळपास सारखेच.
चुलतभावाची ह्याच मॉडेलची, कधी न जळालेली: दिवसा २.६, रात्री ३.४.

पंप जोडून रात्री माझी ८.७ घेते. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) सारखा उडतो, म्हणून गडी म्हणतो रिले वाढवून ठेवू. मी थांबवलंय. काम काहीच नाही तरी सहा अँपिअर जातात कुठे, हे मला आधी समजून घ्यायचंय.

रस्सा

मीटरवाल्याच्या घरी जातात :)

बाभूळ

बेअरिंग बघा. नवीन टाकलं असेल तर घट्ट बसलं असणार. आमची अशीच तापायची.

माळरान

@बाभूळ, बेअरिंग दोन्ही नवीन आहेत. पण शाफ्ट दोन बोटांनी फिरतो, लाईट बंद केल्यावर बराच वेळ गरगरत राहतो.

तांब्याची तार

दादा, माझं स्वतःचं वाइंडिंगचं दुकान आहे म्हणून सांगतो. बेअरिंग घट्ट असलं तर शे-दोनशे वॅट जातील, त्यानं तीन अँपिअर वाढत नाहीत. दुसरं, तिन्ही फेज सारखे आहेत म्हणजे कॉइल शॉर्ट नाही, उलटी जोडलेली नाही. एखादी कॉइल शॉर्ट असती तर एक फेज वेगळा दिसला असता अन् मोटर गुरगुरली असती. ही भानगड टर्नची, म्हणजे कॉइलच्या वेढ्यांची आहे. वाइंडरला विचारा जुन्या कॉइलला टर्न किती होते अन् त्यानं किती भरले. जुनी कॉइल आहे का ठेवलेली?

माळरान

जुनं तांबं त्यानंच वजनावर घेतलं. बिलातून वजा केलं.

तांब्याची तार

सगळीकडं हेच. पुढच्या वेळी एक कॉइल तरी मागून घ्या, धुतलेली नको, जशी निघाली तशी.

अर्धवट अभियंता

एक बेसिक शंका. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टर्न कमी केले तर करंट का वाढावा? कॉइलची ताकद अँपिअर गुणिले टर्न ना? टर्न कमी म्हणजे चुंबक कमजोर, मोटर कमजोर. आणि रेझिस्टन्स कमी झाल्यामुळे करंट वाढला म्हणावं तर रेझिस्टन्स तसाही काही ओहमच असतो.

निवृत्त मास्तर

शंका चांगली आहे, आणि ह्याच जागी बरीच मुलं अडतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. माळरान, तुमच्या मोटरकडे शेवटी येतो, धीर धरा.

आधी रेझिस्टन्सचा हिशेब. तुमच्या मोटरचे डेल्टाचे (तिन्ही फेज त्रिकोणात जोडणारे) दुवे सोडून एका फेजचा रेझिस्टन्स मोजला तर चार-पाच ओहम भरेल. त्यावर ४१५ व्होल्ट डीसी दिले तर ८०-१०० अँपिअर जातील आणि वाइंडिंगचा धूर होईल. पण एसीवर चांगली मोटर रिकामी फिरताना लाईनला ३ अँपिअर, म्हणजे डेल्टाच्या एका फेजमध्ये १.७३ अँपिअर घेते. ४१५ भागिले १.७३ म्हणजे २४० ओहम. त्यातले चार-पाच तांब्याचे. उरलेला सगळा विरोध इंडक्टन्सचा, ५० हर्ट्झला सुमारे पाऊण हेन्री.

हा विरोध येतो कुठून? फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं की कॉइलमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) बदलला की तिच्यात व्होल्टेज तयार होतं. एसी कॉइलला सप्लाय दिला की करंट सुरू होतो, फ्लक्स वर-खाली होतो आणि कॉइल स्वतःच सप्लायच्या विरुद्ध व्होल्टेज उभं करते. हे विरुद्ध व्होल्टेज सप्लायच्या जवळपास बरोबरीला येईपर्यंत करंट वाढतो. बरोबरी झाली की थांबतो. म्हणजे फ्लक्स किती हवा हे करंट ठरवत नाही. ते सप्लाय व्होल्टेज ठरवतं:

व्होल्टेज = ४.४४ × फ्रिक्वेन्सी × टर्न × फ्लक्स
(मोटरला अजून एक वाइंडिंग फॅक्टर येतो, ०.९५ च्या आसपास. तूर्त सोडून द्या.)

व्होल्टेज डीपीवरून येतं, फ्रिक्वेन्सी ग्रिडची, टर्न वाइंडरचे. ह्या तिन्ही गोष्टी पक्क्या झाल्या की फ्लक्स पक्का झाला. तेवढा फ्लक्स लोखंडातून ढकलायला लागेल तितका करंट मोटर सप्लायकडून ओढून घेते. लोखंड चांगलं असेल तर थोडा, वाईट असेल तर भरपूर.

आता टर्न १० टक्के कमी करा. सूत्र जुळवायला फ्लक्स ११ टक्के वाढावाच लागेल. म्हणजे चुंबक कमजोर होत नाही, उलट जोरदार होतं. ११ टक्के जास्त फ्लक्सला ११ टक्के जास्त अँपिअर-टर्न हवेत, आणि टर्न तर कमी झालेत. म्हणून करंट १.११ भागिले ०.९, म्हणजे सव्वापटीच्या आसपास. इंडक्टन्स टर्नच्या वर्गाने बदलतो असं पाठ केलं असशील, ते हेच.

अर्धवट अभियंता

सर, मग डीसी कॉइलला हे लागू नाही?

निवृत्त मास्तर

नाही. डीसीवर फ्लक्स स्थिर झाला की विरुद्ध व्होल्टेज शून्य. करंट ठरवतो फक्त रेझिस्टन्स आणि फ्लक्स ठरवतो तो करंट. नेमकं उलटं.

बाभूळ

बाकी ठीक आहे, पण एक पटत नाही. व्होल्टेज जास्त तर करंट जास्त म्हणताय. आमच्या शिवारात सगळ्या मोटरी लो व्होल्टेजनेच जळतात. ३२० व्होल्टला अँपिअर वाढतात हे मी डोळ्यांनी मीटरवर बघितलंय. मग खरं काय?

तांब्याची तार

दोन्ही खरं. रिकामी मोटर अन् भरलेली मोटर ह्यात फरक आहे भाऊ.

निवृत्त मास्तर

वाइंडरसाहेबांनी एका ओळीत सांगितलं, मी आकडे जोडतो. भरलेल्या मोटरमध्ये दोन करंट असतात. एक फ्लक्स बांधायचा, दुसरा काम करायचा. टॉर्क तयार होतो तो फ्लक्स आणि रोटरमधला (मोटरच्या फिरणाऱ्या भागातला) करंट ह्यांच्या गुणाकारातून. ४१५ चे ३२० झाले की फ्लक्स ०.७७ पट. पंपाला मात्र पाण्याचा कॉलम तेवढाच उचलायचाय, तो टॉर्क सोडत नाही. म्हणून रोटर थोडा मागे पडतो, स्लिप वाढते आणि रोटरचा करंट १.३ पट होतो. तापणं करंटच्या वर्गाने, म्हणजे १.७ पट. त्यातून चालू करताना तर आणखी वाईट, कारण स्टार्टिंग टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. ३२० ला तो साठ टक्केच उरतो. मोटर उठायला वेळ घेते आणि तेवढा वेळ सहा-सात पट करंट खात बसते.

तेव्हा रिकाम्या मोटरचा करंट व्होल्टेजबरोबर उतरतो, भरलेल्या मोटरचा चढतो. माळरान यांनी इंपेलर काढून मोजलं हे फार बरं केलं. नाहीतर दोन्ही करंट एकमेकांत मिसळून काहीच कळलं नसतं.

हातोडी

मध्येच घुसतो, माफी. स्टार्टरची कॉइल जळण्यामागेही हेच का? आमच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर (चुंबकाने ओढला जाणारा स्विच) घरघर करतो आणि कॉइल टिकत नाही. दुकानदार कॉइल डुप्लिकेट म्हणतो.

निवृत्त मास्तर

अगदी हेच, आणि उदाहरण सुंदर आहे. एसी कॉन्टॅक्टरची कॉइल म्हणजे लोखंडी चुंबक, ज्याचा एक तुकडा (आर्मेचर) हलतो. उघडा असताना मधे पाच-सात मिलिमीटरची फट. व्होल्टेज तेच, त्यामुळे फ्लक्सही साधारण तेवढाच लागतो, पण एवढ्या फटीतून तो ढकलायला करंट आठ-दहा पट. आर्मेचर खटकन मिटला की फट संपते आणि करंट आपोआप उतरतो. कॉइल त्या उतरलेल्या करंटवर कायम राहायला बनवलेली असते. मधे मुंगी, पाल, धूळ, गंज अडकला आणि आर्मेचर पुरता मिटला नाही, तर वाढलेला करंट तसाच चालू राहतो. कॉइल खरी असो वा डुप्लिकेट, जळणारच. लो व्होल्टेजला आर्मेचर अर्धवट ओढला जातो तेव्हाही तेच.

चुंबकाची तोंडं कोरड्या कपड्याने पुसा. तोंडाजवळ एक तांब्याची बारीक रिंग बसवलेली असते, ती तुटलेली नाही ना हेही बघा. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी आर्मेचर सुटू पाहतो. त्या रिंगमधला फ्लक्स थोडा मागून येतो आणि आर्मेचर धरून ठेवतो. रिंग तुटली की घरघर.

हातोडी

पालच निघाली सर. वाळलेली.

रस्सा

पालीचा पण रिलक्टन्स (फ्लक्सला विरोध) असतो म्हणजे.

फ्रांकफुर्टकर

धागा बघून राहवलं नाही. मी इथे मोटर डिझाइनमध्ये आहे. पंप आणि थ्री फेज मोटर ह्यांचं नातं ह्या शहराशी जुनं आहे. ऑगस्ट १८९१ मध्ये इथल्या वीज प्रदर्शनात नेकर नदीवरच्या लाऊफनहून १७५ किलोमीटरवर थ्री फेज वीज आणली होती. एवढ्या लांबवर वीज नेता येते ह्यावर तोवर बऱ्याच जणांचा विश्वास नव्हता. प्रदर्शनात त्या विजेवर हजारेक दिवे लागले आणि १०० हॉर्सपॉवरच्या मोटरने पंप चालवून कृत्रिम धबधबा पाडला. मोटर होती दोलिवो-दोब्रोवोल्स्कीची. पिंजऱ्यासारखा रोटर असलेली थ्री फेज मोटर त्याने १८८९ मध्ये केली. टेस्लाचं पेटंट १८८८ चं, पण ते टू फेजवर आधारलेलं. आज आपल्या विहिरीवर जी मोटर आहे ती रचनेने दोब्रोवोल्स्कीचीच आहे, फारसं काही बदललेलं नाही.

आता मुद्द्याचं. माळरान, तुमचे चार आकडे फार बोलके आहेत. दिवसा-रात्रीचं गुणोत्तर काढा. व्होल्टेज ३७० वरून ४४० म्हणजे १.१९ पट. चुलतभावाच्या मोटरचा करंट १.३ पट झाला. तुमचा १.५ पट. रेषा सरळ असती तर तुमचे ४.१ चे ४.९ व्हायला हवे होते. झाले ६.२. तुमचं लोखंड सॅच्युरेट होतंय.

माळरान

लोखंड सॅच्युरेट होतं म्हणजे नेमकं काय? अन् चांगल्या मोटरचं का नाही होत?

फ्रांकफुर्टकर

स्टेटर (मोटरचा न फिरणारा भाग) ज्या पत्र्यांचा असतो ते सिलिकॉन स्टील. त्यात फ्लक्सची घनता टेस्लामध्ये मोजतात. सुमारे १.४-१.५ टेस्लापर्यंत ते गुणी असतं, थोड्या करंटमध्ये भरपूर फ्लक्स नेतं. तिथून पुढे वळण येतं. दोन टेस्लाच्या आसपास तर ते जवळपास हवेसारखं वागायला लागतं. वळणाच्या पुढे पाच टक्के फ्लक्स हवा असेल तर करंट पाच टक्क्यांनी नाही, कितीतरी जास्त वाढतो.

मोटर कंपनी तांबं आणि लोखंड दोन्ही वाचवायला डिझाइन मुद्दाम त्या वळणाच्या अलीकडे आणून ठेवते. ४१५ ला स्टेटरचे दात (कॉइलच्या खाचांमधलं लोखंड) आणि पाठ (त्यामागचं कडं) १.४ वगैरेवर. ४४० झालं तरी १.५ च्या आत. तुमच्या मोटरमध्ये टर्न १० टक्के कमी असतील तर ४१५ लाच १.५५ आणि ४४० ला १.६५ च्या घरात. वळण ओलांडून बरंच पुढे. दिवसा ३७० ला मात्र फ्लक्स परत जागेवर येतो, म्हणून दिवसा बरी वागते.

असाच घोळ अमेरिकेहून मशीन आणणाऱ्यांचा होतो. तिकडची ६० हर्ट्झची मोटर तेवढ्याच व्होल्टेजवर इकडे ५० हर्ट्झला लावली की फ्लक्स २० टक्के वाढतो. सूत्रात फ्रिक्वेन्सीही आहे, ते लोक विसरतात. सोलर पंपाचा ड्राइव्ह फ्रिक्वेन्सी उतरवताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवतो, तेही ह्याचसाठी.

निवृत्त मास्तर

फ्रांकफुर्टकरांशी पूर्ण सहमत, पण त्यांनी एक धागा सोडला. टर्न १० टक्के कमी एवढंच घडलं असतं तर दिवसाचा आकडा ४.१ यायला नको होता. ३७० व्होल्टला, १० टक्के कमी टर्नवर, फ्लक्स जवळपास चांगल्या मोटरच्या ४१५ च्या फ्लक्सइतका होतो. चांगली मोटर ४१५ ला ३ घेत असेल. टर्न कमी म्हणून त्याचे ३.२-३.३. तुमचे ४.१ आहेत. वळण अजून आलेलं नाही, तरी पाऊण अँपिअर जास्तीचा. हा दुसऱ्याच कारणाचा आहे.

माळरान, एक विचारतो. जुनं बेअरिंग गेलं होतं का? रोटर आतून घासला होता का? आणि घासला असेल तर त्याचं पुढे काय केलं?

माळरान

सर, तुम्ही पाहिल्यासारखं सांगताय. बेअरिंगच गेलं होतं, रोटर स्टेटरला घासून मोटर जळाली. वाइंडरनं रोटर शेजारच्या लेथवर दिला अन् "टर्न मारून गुळगुळीत" करून आणला. किती काढलं ते आज फोन करून विचारलं. व्यासावर पॉइंट तीन मिलिमीटर. एवढ्यानं काय होतंय, म्हणाला.

तांब्याची तार

झालं. रोटर लेथवर लावायचाच नसतो. घासलेल्या खुणा बारीक पॉलिश पेपरनं काढायच्या. लेथवाल्याला तो साधा शाफ्ट वाटतो.

निवृत्त मास्तर

पॉइंट तीनने काय होतं ते बघू. पाच एचपीच्या अशा मोटरमध्ये स्टेटर-रोटरमधली फट ०.४ मिलिमीटर धरा. व्यासावर ०.३ काढले म्हणजे प्रत्येक बाजूला ०.१५. फट झाली ०.५५.

फ्लक्सची वाट अशी: स्टेटरचे दात, फट, रोटर, परत फट, परत दात आणि स्टेटरच्या पाठीमागून वळसा. लोखंडातली वाट वीसएक सेंटिमीटर, फटीतली सगळी मिळून एक मिलिमीटरही नाही. तरी करंट खातं कोण? फटीत ०.६ टेस्ला असेल तर दर मीटरला सुमारे ४,७७,००० अँपिअर-टर्न लागतात. ०.४ मिलिमीटरच्या दोन फटींना ३८२. अख्ख्या लोखंडाला शे-सव्वाशे. पाटाला पाणी सोडल्यावर बांधाजवळ एकच जागा बुजलेली असली की सगळा जोर तिथेच लागतो, तसं आहे हे. लोखंड हवेच्या हजारो पट सोपं, म्हणून केसाएवढी हवासुद्धा पाऊण हिस्सा खाते.

आता फट ०.५५ करा. ३८२ चे ५२५ झाले. लोखंडाचे १२० तसेच. एकूण ५०२ चे ६४५, म्हणजे करंट २८ टक्के जास्त. तीनचे ३.९ फक्त लेथमुळे. त्यावर टर्नची कमाई वेगळी.

दोन्ही रोगांची लक्षणं मात्र वेगळी. फट वाढली की दिवस-रात्र दोन्ही आकडे वाढतात, पण त्यांचं गुणोत्तर चांगल्या मोटरइतकं किंवा थोडं कमीच राहतं, कारण हवा कधी सॅच्युरेट होत नाही. टर्न कमी झाले की व्होल्टेज चढल्यावर करंट उसळतो. तुमच्याकडे दोन्ही दिसतात.

अर्धवट अभियंता

सर, मग इंडक्टर किंवा चोकमध्ये मुद्दाम फट का ठेवतात? ट्यूबलाइटच्या जुन्या चोकमध्ये कागद घातलेला पाहिलाय.

निवृत्त मास्तर

तिथे फटीचा उपयोग करून घेतात. चोकमधून ट्यूबचा ठरलेला करंट जायलाच हवा, साधारण ०.४३ अँपिअर. फट नसती तर तेवढ्या करंटने लोखंड सॅच्युरेट झालं असतं. फट ठेवली की इंडक्टन्स कमी, पण सरळ आणि भरवशाचा. शिवाय फ्लक्सची साठवलेली ऊर्जा मुख्यतः त्या फटीतच राहते. स्टार्टर उघडला की करंट एकदम तुटतो आणि ती ऊर्जा शेकडो व्होल्टचा झटका होऊन ट्यूब पेटवते. मोटरला ऊर्जा साठवायची नसते, फिरवायची असते. तिथे फट म्हणजे निव्वळ नाइलाज, रोटरला फिरायला जागा हवी म्हणून.

बाभूळ

लेथवाल्याने गुळगुळीत केलं त्यात गुळगुळीतपणाचा काही फायदा?

फ्रांकफुर्टकर

उलट तोटा. रोटरही पत्र्यांचा असतो, अर्ध्या मिलिमीटरच्या, प्रत्येकावर इन्सुलेशनचा थर. कारण अखंड लोखंडात बदलत्या फ्लक्सने भोवऱ्यासारखे करंट फिरतात. पत्रा जाड झाला की ते नुकसान जाडीच्या वर्गाने वाढतं. लेथच्या टूलने पत्र्यांच्या कडा एकमेकांवर चोपडल्या जातात आणि वरचा थर जणू अखंड लोखंड होतो. चकाकतो छान, तापतोही छान.

स्टेटरचंही तेच. जळकं वाइंडिंग काढायला गॅसच्या बर्नरने लालभडक करतात. पत्र्यांमधला थर जळतो. भट्टीत साधारण ३५०-३७० अंशांच्या आत भाजून काढलं तर वाचतो.

तांब्याची तार

भट्टी सगळ्यांना परवडत नाही साहेब, पण बर्नर फिरवत धरायचा, एका जागी थांबायचं नाही, हे तरी पाळता येतं. शंका असली तर मी नवीन कॉइल भरायच्या आधी मोकळ्या स्टेटरवर जाड वायरचे काही वेढे बोअरमधून अन् बाहेरून घेतो, एसी देतो अन् दहा मिनिटांनी लाईट बंद करून हात फिरवतो. एखादी जागा चटका देत असली तर तिथले पत्रे एकमेकांना लागलेत. गिऱ्हाइकाला तेव्हाच सांगतो, नंतर कटकट नको.

टर्नचं सांगतो. आमच्यातले काही जण मुद्दाम कमी करतात. एक गेज जाड वायर घातली तर मोटर "दणकट" होते असा समज. जाड वायर स्लॉटमध्ये मावत नाही, मग चव्वेचाळीसच्या जागी चाळीस टर्न. गिऱ्हाईकपण खूश, मोटर जोरात उठते. उठतेच, फ्लक्स वाढल्यावर टॉर्क वाढणारच. पण पुढं ही अशी.

माळरान

आज दुकानात जाऊन आलो. वहीत बघितलं त्यानं. जुने ४४, भरलेले ४०. गेज एक नंबर जाड. "तुमच्याकडे लो व्होल्टेज असतं म्हणून तुमच्या फायद्यासाठीच केलं," म्हणाला. वाईट हेतू नव्हता त्याचा. अन् खरं सांगायचं तर दिवसपाळीला ते बरोबरही आहे की!

निवृत्त मास्तर

त्यात तथ्य आहे. कायम ३७० च मिळणार असेल तर ४० टर्न वाईट नाहीत. ४१५ साठी बनलेली मोटर ३७० साठी केली, एवढंच. पण रात्री तीच मोटर ४४० वर चालते, तिथे ती मरते. इन्सुलेशन ठरलेल्या मर्यादेपेक्षा दर दहाएक अंश जास्त तापलं की आयुष्य साधारण निम्मं होतं असा जुना अंदाज आहे. मर्यादा बी क्लासला १३० अंश, एफ क्लासला १५५. कोणता क्लास घातलाय ते विचारून घ्या.

दुरुस्ती: पुढच्या वेळी ४४ टर्न, मूळ गेज. फट मात्र परत येत नाही. ४४ टर्नवर ही मोटर दिवसा ३.४ आणि रात्री ४.३ च्या आसपास घेईल असा माझा अंदाज. त्यावर ती चालेल. नवा रोटर मिळाला तर उत्तम, पण त्याची किंमत आणि नव्या मोटरची किंमत शेजारी ठेवून बघा.

बाभूळ

एवढं कशाला? कॅपॅसिटर लावा दोन केव्हीएआरचा (हे त्याच्या क्षमतेचं माप). अँपिअर लगेच उतरतात. माझ्याकडे आहे, मीटरवर दिसतं.

माळरान

@बाभूळ, हे जमेल का? स्वस्तात होत असेल तर हंगामापुरतं तेच करतो. मास्तर, तार, काय म्हणता?

तांब्याची तार

मीटरवर उतरतात. मोटरमध्ये नाही.

निवृत्त मास्तर

बाभूळ यांनी कॅपॅसिटर लावला ते चांगलंच केलं, डीपीवरचा आणि केबलमधला भार त्याने हलका होतो, शेवटच्या माणसाला व्होल्टेज बरं मिळतं. पण इथे काय होईल ते बघा.

रात्री पंप जोडून काम करणारा करंट सुमारे ६, फ्लक्स बांधणारा ६.२. दोघे एकमेकांशी काटकोनात, म्हणून बेरीज १२ नाही. दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ८.६. तुम्ही ८.७ मोजलेत. दोन केव्हीएआरचा कॅपॅसिटर ४४० ला उलट दिशेचे २.६ अँपिअर देतो. म्हणजे लाईनला फ्लक्सचे उरले ३.६, एकूण ७. केबलला टोंग टेस्टर लावला तर ७ दिसेल आणि सगळे खूश. पण कॅपॅसिटर ते २.६ मोटरलाच पुरवतोय. वाइंडिंगमधून ८.७ च जातात, तापणं तसूभरही कमी होत नाही.

ह्यात एक सापळा आहे. बहुतेक जण कॅपॅसिटर थेट मोटरच्या टर्मिनलला जोडतात. तिथे तो ओव्हरलोड रिलेच्या पुढे येतो. रिलेला ७ दिसतात, त्याचं सेटिंग ७.५, तो उडत नाही. आत मोटर ८.७ वर भाजत राहते. आज निदान रिले उडून तुम्हाला सांगतोय तरी. म्हणून लावायचाच असेल तर कॉन्टॅक्टर आणि रिले ह्यांच्या मधे जोडा, म्हणजे मोटर बंद झाल्यावर तोही सुटेल आणि रिलेला मोटरचा खरा करंट दिसेल. आणि गड्याला सांगा, रिलेचा स्क्रू ७.५ वरून हलवायचा नाही.

माळरान

समजलं. ह्या आठवड्यात दिवसपाळी आहे, तेवढ्यावर भिजवून घेतो. रात्रीची वेळ आली की चुलतभावाच्या विहिरीवरून पाइप टाकेन. ऊस तुटला की मोटर खाली, ४४ टर्न. @तार, तुमचं दुकान कुठल्या बाजूला आहे ते व्यनि करा.

तांब्याची तार

व्यनि केलाय. येताना रोटर पण आणा, वाइंडिंगच्या आधी फिलर गेजनं फट चारी बाजूंनी मोजू. एका बाजूला कमी अन् एका बाजूला जास्त निघाली तर कमी फटीकडं चुंबकाची ओढ जास्त, रोटर तिकडंच खेचला जातो अन् नवीन बेअरिंगपण टिकत नाही. मग आधी एंड कव्हरची बेअरिंग बसते ती जागा बुश मारून दुरुस्त करावी लागेल.